अकरा भोकांची भिंत

शालिक मिस्त्री आमच्या प्लॉटवर पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं ना नमस्कार केला, ना नाव सांगितलं. मे महिना होता. मनीषनगरच्या पलीकडचा आमचा तो उताराचा प्लॉट, आणि तिथल्या काळ्या मातीला उन्हानं ह्या एवढाल्या भेगा पडलेल्या. तो सरळ एका भेगेपाशी उकिडवा बसला आणि तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ आत चाचपत राहिला. मग हात झटकत, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "इथं घर बांधून राहिल्या का, बाई? अक्कल काय गहाण ठेवली?"

सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात मी तीस वर्षं काढली. तिथे साहेबसुद्धा मला मॅडम म्हणत. आणि हा कोण टिकोजीराव मला बाई म्हणणारा, वर अक्कल काढणारा? त्याच क्षणी तो माणूस माझ्या डोक्यात गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची रीत आहे, पण माझ्याच्यानं ते होणार नाही. शालिक मिस्त्री मला आवडला नाही, आणि मीही त्याला आवडले नसणार. पण लिहायचं तर त्याच्यावरच लिहावं लागतंय, काय करता!

आधी प्लॉटचं सांगते. बाबांनी रस्त्याकडचा उंच भाग माझ्या नावावर केला आणि नाल्याकडचा सखल भाग माझ्या धाकट्या भावाच्या, विलासच्या. विलासनं खाली घर बांधलं, पण मनात धरून बसला की बाबांनी बिनलग्नाच्या मुलीचे लाड केले आणि मुलाला खड्ड्यात घातलं. मी म्हणायची, बाबांच्या शेवटच्या आजारात जो चार दिवस येऊन बसला नाही, त्याला खड्डा मिळाला हेच पुष्कळ. चार वर्षं आम्ही एकमेकांच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. आता मला वर घर बांधायचं होतं, आणि त्यासाठी दोन्ही प्लॉटच्या मध्ये उताराची माती धरून ठेवणारी सात फुटी भिंत हवी होती. त्या भिंतीपासून आठ फुटांवर विलासच्या मुलीची, आर्याची, अभ्यासाची खोली होती. पोरगी बारावीला, दिवसभर खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असायची. बापाची नजर चुकवून माझ्याशी बोलायची.

शालिक मिस्त्रीचा जन्म कालव्यांवर गेला होता. कालव्याच्या कडेच्या दगडी भिंती बांधत तो विदर्भभर फिरलेला. काळ्या मातीत त्याच्यासारखी भिंत कोणी उभी करत नाही, असं माझ्या आर्किटेक्टनं सांगितलं म्हणून मी त्याला बोलावलं. अंगानं काटकुळा, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, डोक्याला दुपट्टा. लोक खिशाला पेन लावतात, हा खिशात भिंत तपासायचा ओळंबा ठेवायचा. आणि चहा प्यायचा नाही. म्हणजे बाहेर टपरीवर चांगला दोन-दोन कप प्यायचा, पण जिथे काम चालू त्या घरचा नाही. पहिल्याच दिवशी मी थर्मास पुढे केला तर म्हणाला, "काम चालू असताना मालकाचा चहा पेला का माणूस त्याच्या हरेक गोष्टीले हाव हाव करते. काम झाल्यावर पेतो." मी म्हटलं, नको पिऊस, माझं काय अडलंय!

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या डब्यासोबतचा स्टीलचा ग्लास न विचारता उचलला. प्लॉटवरची माती कुटून अर्धा ग्लास भरला, वरून पाणी ओतलं आणि ग्लास विटेवर ठेवून दिला. सकाळी पाहिलं तर आंबवलेल्या इडलीच्या पिठासारखी माती पार वर आलेली. "पाहा," तो म्हणाला. "हे माती फुगते. पाणी पेली का फुगते, ऊन लागलं का आकसते. हिले दाबून ठेवाले जो गेला, त्याची बांधलेली भीत पडली. फुगणाऱ्याले वाट द्या लागते, बाई." माझा ग्लास मात्र त्यानं विसळूनसुद्धा दिला नाही.

पायासाठी त्यानं खणायला घेतलं ते थांबेचना. काळी माती संपून खालचा कडक मुरूम लागेपर्यंत खाली गेला. मी म्हटलं, विहीर खणतोस का? तर म्हणे, "हाव, तुमाले ढकलाले." मजूर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भिंत काळ्या दगडाची, खाली रुंद, वर निमुळती, आणि पाठ माझ्या मातीकडे किंचित कललेली. भिंतीच्या मागच्या पोकळीत काळ्या मातीचा कणसुद्धा जायचा नाही, फक्त दगड, गिट्टी आणि मुरूम, असा त्याचा हुकूम.

एक दिवस तो कुणाच्या तेरवीला गेला. खणून काढलेल्या मातीचा ढीग तिथेच पडलेला. मला वाटलं, माती आपली, जागा आपली, मग मुरूम बाहेरून कशाला आणायचा? मी बायांना सांगून निम्मी पोकळी त्या मातीनं भरून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं नुसती नजर टाकली आणि एक खुर्ची आणून भिंतीपाशी ठेवली. "बसा, बाई. पाहा." माझ्यासमोर त्यानं ती माती टोपलं टोपलं बाहेर काढायला लावली. दिवस गेला त्यात. मी उठले की म्हणायचा, "बसा ना, कुठं चालल्या? मालक आहा तुमी." खाली विलास अंगणात पेपर वाचायचं नाटक करत सगळं ऐकत होता. असा अपमान माझा कुठल्या साहेबानंही केला नव्हता.

मग भोकांचा प्रकार. भिंतीत त्यानं खालच्या अंगाला पाइपचे तुकडे बसवले, विलासच्या बाजूला तोंड करून, मोजून अकरा. आत मुरलेलं पाणी तिथून बाहेर पडायचं. मी विचारलं, ही भोकं कशाला, दिसायला किती वाईट! तर म्हणाला, "भीत मुतली पाहिजे, बाई. ज्या दिवशी मुतणं बंद, त्या दिवशी मेली समजा."

"काही सभ्य शब्द नाही का तुझ्याकडे?"

"हाये ना. पण सभ्य शब्द तुमच्या ध्यानात नाही राहीन."

जाताना त्यानं एक लांब सळई विलासच्या अंगणात, भिंतीच्या टोकाला अडकवून ठेवली. दरवर्षी पाऊस लागायच्या आत सळई घालून भोकं मोकळी करायची, आणि ती खालूनच करायची. मी म्हटलं, "त्याच्या अंगणात मी पाय ठेवणार नाही." तो म्हणाला, "भोकाचं तोंड तिकडं हाये, मी काय करू? तुमाले इकडं तोंड पाहिजे होतं तं पाण्याले सांगा लागत होतं, चढावर वाह म्हणून." मी थर्मासमधून चहा आणला होता. काम तर संपलं होतं. त्यानं कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक पावसाळा जाऊ द्या. मंग पेतो."

पावसाळा आला आणि भिंतीनं तिचं काम चोख सुरू केलं. अकराही भोकांतून पाणी वाहायचं, विलासच्या अंगणात पडायचं आणि कडेनं नाल्याला जायचं. तिसऱ्या दिवशी विलास भिंतीखाली उभा राहून ओरडला, "ताई, तुयं पाणी माह्या अंगणात काहून येऊन राहिलं?" मी वरून म्हटलं, "पाणी देवाचं आहे, त्याला विचार." तो म्हणाला, वरची जागा घेतली ती घेतली, आता घाणही आमच्यावर सोडता. शेवाळं झालं, त्याची बायको घसरली, असं करत करत आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली. सख्ख्या भावाची नोटीस! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याला एक थेंब म्हणून द्यायचा नाही, असं मी ठरवलं. एक प्लास्टरवाला बोलावला, भिंतीवरून खाली शिडी सोडली, म्हणजे त्याच्या फाटकातून जायला नको. अकराही भोकं सिमेंटनं बुजवून टाकली. विलास खुर्ची टाकून पाहत बसला होता. तो खूश, मी खूश. चार वर्षांत आमचं एकमत झालं ते त्या एका दिवशी.

त्यानंतर बारा-तेरा दिवस पावसानं उघडीप दिली नाही. एका सकाळी मी प्लॉटवर फेरी मारायला गेले, तर आर्यानं खिडकीतून हाक मारली, "आत्या, भिंत जवळ आल्यासारखी दिसून राहिली गं." मी वरून वाकून पाहिलं. मधल्या भागात भिंतीचं पोट सुटलं होतं. माझ्या बाजूला, भिंतीच्या कडेनं, जमिनीत लांब फट पडलेली. मी तिथूनच शालिक मिस्त्रीला फोन लावला.

तासाभरात तो भर पावसात मोपेडवर आला. ओळंबा सोडून पाहिला, मग भोकं पाहिली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. तो एवढंच म्हणाला, "पोरीले खोलीतून काढा पयले." विलासनं आर्याला हाताला धरून ओढतच समोरच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. मग मिस्त्रीनं वर मान करून मला हाक मारली, "बाई, खाली या."

"मी?"

"भोकं कोणं बुजवली?"

चार वर्षांनी मी त्या फाटकातून आत गेले, चिखलात, डोक्यावर छत्री नाही. विलास एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा काटकुळा माणूस हातोडा-छिन्नी घेऊन. त्यानं कडेचं पहिलं भोक फोडलं, आणि भिंतीच्या समोर न येता बाजूला सरकून उभा राहिला. लालसर पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट आर्याच्या खिडकीवर. असं एकेक करत तो टोकाकडून मधे येत होता. जिथे पोट सुटलं होतं तिथे त्यानं आम्हाला हातानं मागे सारलं आणि एकटा पुढे गेला. भिंतीतून कसलासा कुरकुर आवाज येत होता. मी पदर तोंडात धरला होता. भिंत पडली असती तर पहिला तोच गेला असता, आणि ते तिघांनाही कळत होतं.

मधली भोकं फुटली, पाणी धो धो सुटलं, तेव्हा कुठे तो माझ्याकडे वळला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "माती फुगली ते पाण्यानं, बाई," तो म्हणाला. "तुमी कायनं फुगल्या?" मग विलासकडे पाहून, "अन तू गा, भैताडा? तुयी पोरगी या भितीच्या पुढं झोपते, अन तू खुर्ची टाकून पाहून राहिला होता?" पन्नाशीचा विलास, ऑफिसात चारचौघांवर रुबाब करणारा, मान खाली घालून उभा होता. मलाही तोंड वर करवेना. पलीकडच्या टोकाची दोन भोकं राहिली होती. शालिकनं छिन्नी माझ्या हातात दिली आणि हातोडा विलासच्या. "मारा," म्हणाला. छिन्नी मी धरायची आणि घाव विलासनं घालायचा! चार वर्षांचा राग मनात असलेल्या माणसाच्या हातात हातोडा. पहिला घाव अगदी हलका पडला. "ताई, लागलं का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मार जोरात."

पाऊस थांबल्यावर शालिकनं विलासच्या अंगणात भिंतीला दोन दगडी टेकू दिले. विलासनं जागेबद्दल चकार शब्द काढला नाही. पोट मात्र चार बोटं सुटलेलं तसंच राहिलं, आजही आहे. त्या दिवशी मी चहा घेऊन खाली गेले. शालिकनं हात पुसले, कपाकडे पाहिलं आणि मान हलवली. "पावसाळा चांगला गेला असता तं पेलो असतो. आता पुढचा जाऊ द्या." एवढं सगळं होऊनही त्याची ऐट काही गेली नव्हती. मी रागानं तो चहा टेकूच्या मुळाशी ओतला.

पुढचा पावसाळा नीट गेला. भिंत तसूभर हलली नाही. दिवाळीच्या आधी मी त्याला मुद्दाम फोन केला. म्हणणार होते, ये मेल्या, आता तरी पी. फोन त्याच्या मुलीनं उचलला. "बाबा गेले जी, महिना झाला." झोपेतच गेला म्हणे. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि गॅसवर ठेवलेलं आधण बंद केलं. रडले नाही. पण राग आला, फार राग आला. दीड वर्ष मी त्या माणसाला एक कप चहा पाजायच्या मागे होते, आणि शेवटी त्यानं मला तसंच ठेवलं.

आमचं भांडण मिटलं, असं कुणी समजू नये. विलास अजून म्हणतो, बाबांनी अन्याय केला. मी अजून म्हणते, बाबा बरोबर होते. नोटिशीचा कागद मी जपून ठेवला आहे. पण मे संपत आला की विलासचं फाटक उघडं असतं. सळई मिस्त्रीनं अडकवली होती तिथेच असते. मी उकिडवी बसून एकेका भोकात ती घालते, आतला गाळ ओढून काढते. गुडघे दुखतात, तोंडानं त्या शालिकला शिव्या चालू असतात.

यंदा विलास दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, चहा ठेवू?"

सातवं भोक चालू होतं. मी वर न बघता म्हटलं, "अकरा होऊ दे. मग पिते."