ओढ्यावरचं गाणं
आयोडिनचा वास आला की गाण्याच्या उत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या तिरुवैयारुचा नदीघाट आठवतो. पायरीवर घसरून काकांचा गुडघा खरचटला होता आणि मी औषध लावत होते. "काका, तुम्ही गाणं का सोडलंत?" मी सहज विचारलं. चीनच्या लढाईत ते फौजेचे डॉक्टर होते. म्हणाले, "पकडलेल्या एका चिनी शिपायाच्या पायाला मी पट्टी बांधत होतो. त्याची तुकडी कुठून आली, हे दुभाषी विचारत होता. तो शिपाई म्हणाला, 'लढाईआधी बरेच दिवस आम्ही तुमच्या छावणीवरच्या डोंगरातच होतो. हा डॉक्टर ओढ्यावर आंघोळ करताना रोज गायचा. माझा नेम त्याच्यावरच असायचा, फक्त हुकूम आला नव्हता.'" मी विचारलं, "मग?" "मग काय, पट्टी पुरी बांधली. पण त्या दिवसापासून ओढ्यावर गेलो तरी गायलो नाही." आता घाटावर कोणी गाऊ लागलं, की माझी नजर आधी पलीकडच्या झाडीकडे जाते.