दोरा आणि कागद

शिवणाच्या पेटीतलं रीळ दिसलं की अजूनही माझी नजर दुसरीकडे वळते. बायको हसायची. तिला कारण मी कधी सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकात मी कारंज्याला एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब लिहायला होतो. कंपनी कसली, शेटजी आणि आसपासच्या गावांतले वीसेक भागधारक. दिवाळीच्या पाडव्याला सगळे जमत आणि मी वर्षाचा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवी. अनसिंगचे एक म्हातारे मास्तर न चुकता येत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या त्यांच्या घरातली पहिली नोकरी त्यांचीच. पगारातून साठवलेलं सगळं त्यांनी आमच्या शेअरांत घातलं होतं. मुलीला अकोल्याला नर्स करायचं, एवढाच ध्यास.

त्या वर्षी मी तोटा वाचला. मजुरी, दोरा, कागद यांचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका मोठा होता.

मास्तरांनी चष्मा काढला. "मुनीमजी, बियाच्या धंद्यात दोरा अन् कागद एवढा कायले लागते?"

मला पक्कं ठाऊक होतं. गावाबाहेरच्या शेतात बाया नव्या कपाशीचा संकर करत होत्या. फुलाला पराग लावायचा, वर कागदाची पिशवी चढवायची, देठाला दोरा बांधायचा. आदल्या वर्षीच्या संकराची सरकी पेरून पाहिली, तर झाडं बोंडांनी वाकली होती. मी म्हणालो होतो, प्रयोगाचं वेगळं खातं काढू, भागधारकांना कळू दे पैसा कुठे मुरतोय. शेटजींनी उडवून लावलं. बाजारात कुणाला सुगावा लागता कामा नये, ही सक्त ताकीद.

आकडा खरा आहे का, एवढंच मास्तरांनी पुन्हा विचारलं. खरा आहे, म्हणालो, आणि पुढे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. नोकरीची भीती होती, आता कशाला लपवू? त्याच आठवड्यात मास्तरांनी सगळे शेअर निम्म्या भावात विकले. घेतले शेटजींनीच, तेही उपकार केल्यासारखे.

दोन वर्षांत ते बियाणं शेलूबाजारपर्यंत हातोहात खपलं. शेअरला सोन्याचा भाव आला. तोवर मास्तर गेले होते.

त्या हंगामात मी शेतावर मजुरी वाटत होतो. सगळ्या बाया अंगठा उठवत होत्या, एका मुलीनं मात्र वळणदार सही केली. बोटांना दोऱ्याचे काचे पडलेले. कुणाची गं तू, असं विचारलं, तर तिनं अनसिंगच्या मास्तरांचं नाव सांगितलं.

"बाबा तुमचं लय नाव काढत," ती म्हणाली. "मुनीमजीनं खरं सांगतलं म्हून आपले अर्धे तरी पैसे वाचले, म्हनत."

मी मान हलवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.