बैलांसमोर न बोलायचा शब्द

कापसाला सोन्याचा भाव आला त्या दिवसांत अमरावतीहून अकोल्याला जायला मला कापसाचीच गाडी मिळाली. तिथं माझी बहीण तापानं अंथरुणाला खिळली होती.

"अकोला किती दूर?" मी विचारलं. जू बांधणाऱ्या गाडीवानानं झटकन बैलाचा कान झाकला.

"दूर म्हनू नका. आयकलं तं बैल पाय उचलत नाईत."

त्याच्या बोलण्यात दूरचं गाव 'पुढचं' असायचं आणि दूरचा नातलग 'बाजूचा'. माझा जीव टांगणीला, आणि याचं हे! मी वाटभर धुमसत राहिलो.

अकोल्यात बहीण दारात उभी दिसली. गाडीवानानं बैल सोडले, घाम पुसला आणि हसला. "सांगा आता बैलाईले, लय दूर होतं म्हनून."

मी खरंच वाकून बैलाच्या कानात सांगितलं.