धक्का क्लचचा नव्हता

आमच्या घरी लग्न असो की बारसं, माझ्या बायकोच्या गाडी चालवण्याची गोष्ट निघतेच. माझा धाकटा भाऊ ती सांगतो, आणि रंगवून सांगतो. "दादा, वहिनीले कार नाही, टांगा घेऊन द्या. पुलावर असे हिसके बसले, का माह्या मानेचा पट्टा अजून निंगाला नाही!" सगळे हसतात. ती रिकामे ग्लास गोळा करून आत जाते. मीही हसत आलो. ती गोष्ट खोटी आहे, आणि हे फक्त मला माहीत होतं.

मुलं बाहेरगावी गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, ती गाडी शिकली. तिची मोठी बहीण पारशिवनीला होती. "मनात आलं का निघायचं, कोणाले विचारायचं नाही," एवढंच तिचं म्हणणं. परवाना काढला. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीतून ती बाजारापर्यंत एकटी जाऊ लागली.

मी जन्मभर स्कूटर चालवलेला माणूस. स्कूटरचा प्लग काढायचा, काचपेपरने घासायचा, टोक हलकेच ठोकून फट कमी करायची, हे आमच्या पिढीत ज्याला त्याला येई. एका रविवारी मी कारच्या चारही प्लगना तेच केलं. एक पकडीतून निसटून पोर्चच्या फरशीवर पडला. उचलला, पुसला, पुन्हा बसवला.

त्यानंतर लवकरच आम्ही पारशिवनीला निघालो. गाडी तिच्या हातात, भाऊ मागे. सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. पुलाचा चढ लागला आणि गाडी हिसके मारू लागली. मागून हॉर्न वाजू लागले. "क्लच नीट सोड वं!" मी ओरडलो. "सोडलाच आहे हो!" ती म्हणत होती. पुलावरच तिला उतरवून मी स्टिअरिंग हातात घेतलं.

त्याच आठवड्यात एका चढावर माझ्याही हातात गाडीने तसेच हिसके दिले. मी गुपचूप गॅरेज गाठलं. मिस्त्रीने प्लग काढून दाखवला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ होती, कपाला तडा जातो तशी. "पडला होता का?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. नवे प्लग टाकले, आणि पुढच्या सुट्टीला भावाला व तिला घेऊन त्याच पुलावरून गाडी नेली. "पाह्य, कशी चालते," मी म्हणालो. ती मागच्या सीटवर होती. त्यानंतर तिने चावीला हात लावला नाही. बहीण आजारी पडली तेव्हाही ती माझ्या सवडीने जाई. बहिणीच्या शेवटच्या दिवशी मला सवड उशिरा मिळाली.

आता काचबिंदूने माझी नजर गेल्यातच जमा आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. घरात चालवणारं कोणी नाही म्हणून गाडी विकायचं ठरलं. सदरमधला जुन्या गाड्यांचा एक दुकानदार संध्याकाळी बघायला येणार होता. मी चार नवे प्लग आणवून घेतले. तशी गरज नव्हती. पण प्लग हातात असेल तर तिला खरं सांगायला तोंड उघडेल, असं मला वाटलं होतं.

सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडलं. ती टॉर्च धरून उभी राहिली. प्लग खोल खड्ड्यात असतात. मला आत नुसता अंधार दिसत होता आणि पाना प्लगवर बसत नव्हता. थोड्या वेळाने तिनेच पाना घेतला. "द्या इकडे. दिसून नाही राहिलं तुमाले."

मी सांगत गेलो, ती करत गेली. आधी खड्ड्यातली धूळ फुंकून काढायची. जुना प्लग काढायचा, नवा आधी बोटांनीच फिरवायचा.

"अडला तर जोर नको लावू. आटे जातील."

"बरणीचं झाकण आडवं बसलं का काढून पुन्हा लावते मी. समजते मले."

जुने प्लग ती वर्तमानपत्रावर मांडत होती. तीन झाले. प्रत्येक वेळी मी बोलायचं ठरवलं आणि पुढच्या प्लगचंच सांगितलं. चौथा प्लग उजेडात धरून ती म्हणाली, "हेही चांगलेच दिसून राहिले. टोक बदामी आहे, काजळी नाही. काहून बदलून राहिलो आपण?"

"पांढऱ्या भागावर केसाएवढी काळी रेघ आहे का?"

"नाही. राहिली तं काय होते?"

"सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर गाडी हिसके मारते."

तिचा हात थांबला.

"कोणाच्याबी हातात?"

"कोणाच्याही."

"तुमाले कधी समजलं?"

"त्याच आठवड्यात. प्लग माझ्याच हातून पडला होता."

तिने नवा प्लग घेतला, बोटांनी फिरवून बसवला, पाना लावून बेताने आवळला. मग फक्त विचारलं, "काहून नाही सांगितलं?" मी उत्तर दिलं ते लाजिरवाणं होतं, पण खरं होतं. लोक हसत होते, आणि माझ्यावर हसत नव्हते. ती हात धुवायला आत गेली. दुपारी माझं ताट वाढून ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांच्या आवाजावरून मी तिचा राग मोजत बसलो.

संध्याकाळी दुकानदार आला. गाडीभोवती फिरून म्हणाला, "काका, सिंगल हँड आहे ना, एकाच मालकाची? लेडीज हात तर नाही लागला? लेडीज गाडीचा क्लच गेलेला राहते."

ती दारात उभी होती.

"लागला," मी म्हणालो. "ही चालवायची. क्लचला काही झालं नाही. गाडीची खराबी केली ती मी."

"कळवतो," म्हणून तो निघून गेला.

तिने खिळ्यावरची चावी घेतली आणि गाडीत बसली. मी चाचपडत बाजूला जाऊन बसलो. इंजिन पहिल्या फिरकीत सुरू झालं आणि एकसारखं चालू राहिलं. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, पण गिअर टाकला नाही.

"आता भेव वाटते मले," ती म्हणाली. "तवा नव्हतं वाटत."

मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो.

"उतरा तुमी. तुमी बाजूले बसले का जास्त वाटते."

मी उतरून फाटक उघडलं. गाडी बाहेर पडली, जराशी अडखळली, मग पुढे सरकली. माझ्या डोळ्यांना ती विजेच्या खांबापर्यंतच दिसली. पुढे फक्त आवाज होता. दुसरा गिअर पडला. मग वळणावर दुसऱ्या कुणाचा तरी हॉर्न वाजला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. फाटकाची कडी धरून तसाच उभा राहिलो.