बबनचा ढोल आणि गार्गीताईंचा कंप्युटर

वाजवणाऱ्या माणसांकडे किस्से आपोआप साठतात. वाजवायचं असतं थोडा वेळ, वाट बघायची असते अर्धा दिवस. नवरा तयार नसतो, घोडी आलेली नसते, लाईट गेलेली असते. तेवढ्या वेळात माणूस बोलणार नाही तर काय करणार? आमच्या घाटकोपरच्या बँडचं आयुष्य असंच गेलं. पण म्हातारपणी आम्ही गार्गीताईंच्या हाती लागलो, आणि लग्नांत जमले नव्हते एवढे किस्से त्यांच्याकडे जमले. सावकाश सांगतो. घाई मला जमत नाही.

आधी गार्गीताई. मुलुंडच्या. परदेशात संगीत शिकून आलेल्या. त्या गाणी बसवत नाहीत, आवाज बसवतात. तीसेक माणसं वाजवणार, माईक तो आवाज कंप्युटरला देणार, आणि कंप्युटर त्याचं भलतंच काहीतरी करून लगेच हॉलच्या चारी कोपऱ्यांतून परत फेकणार. कंप्युटरवर जिग्नेशभाई. एका बाजूला व्हायोलिन-चेलोवाली शिकलेली मंडळी, दुसऱ्या बाजूला आम्ही बँडवाले. मी क्लॅरिनेटवर. शाळेत मी फार टिकलो नाही, कागदावरचं संगीत मला वाचता येत नाही. ताई गाऊन दाखवायच्या, मी धरायचो.

आणि मोठ्या ढोलावर आमचा बबन. बबनचे कान गेलेले. पूर्ण. त्यापायी बँडच्या मालकाने त्याला घरी बसवलं, तेव्हा तो दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचा. ते परत बघायची माझी तयारी नव्हती. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं, ताईंना कळू द्यायचं नाही. अडचण एवढीच होती, की बबनचा ठोका पडल्याशिवाय ताईंचा कंप्युटर जागाच होत नसे. सगळा खेळ त्या ढोलावर.

*

पहिल्या दिवशी ताईंनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. खूप वेळ सांगितलं. चेलोवाल्याने शंका काढल्या, व्हायोलिनवाली वाद घालायला लागली, आमच्यातला एकजण झोपला. एकटा बबन ताईंच्या तोंडावरून नजर न काढता मान डोलवत होता.

चहाच्या वेळेला ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

मी म्हटलं, "लहानपणापासून तसाच आहे तो."

*

बबनने कधी सुरू करायचं, ते मी खांदा उचलून सांगायचो. एकदा सुरू झाला की पुढे तो ताईंच्या हाताकडे बघून चालायचा. पण आमचे ट्रम्पेटवाले उस्मानभाई मनाने फार चांगले. त्यांनी न सांगता आपलीही मदत सुरू केली. बबनची जागा आली की ते खोकायचे. जोरात.

दोन-तीन तालमी मी बघितलं. मग विचारलं, "उस्मानभाई, डॉक्टरला दाखवलंत का?"

"अरे यार, बबनला इशारा देतोय ना मी."

"खोकून?"

उस्मानभाईंनी वळून बबनकडे बघितलं. मग म्हणाले, "तरीच मी बोलतो, हा माझ्याकडे बघत का नाही."

त्यांनी खोकणं बंद केलं. पण कंप्युटरमधून तो खोकला चारी कोपऱ्यांत फिरताना ताईंना फार आवडला होता. त्यांनी तो मुद्दाम परत मागून घेतला. कार्यक्रमापर्यंत उस्मानभाईंना खोकावंच लागलं.

*

बँडवाल्याला एका जागी उभं राहून वाजवता येत नाही. जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं, पाय थांबले की ताल पण थांबतो.

स्टेजवर पहिली तालीम. ताईंनी खूण केली, आम्ही सुरू झालो. छान रंगलं. मध्येच जिग्नेशभाई ओरडले, "आवाज ज नथी आवतो! माझ्याकडे काहीच येत नाही."

येणार कसं? माईक होते तिथेच होते. आम्ही वाजवत वाजवत विंगेत पोचलो होतो.

त्या दिवसापासून आम्हाला खुर्च्या दिल्या. आम्ही बसून वाजवतो, पण खाली पाय चालतच असतात. प्रेक्षकांना वाटतं, ते बसवलेलं आहे.

*

ताईंच्या बाज्यात मध्येच सगळ्यांनी गप्प बसायची एक जागा आहे. आधी वाजवलेलं कंप्युटरने कुजबुजत परत ऐकवायचं, आणि आपण नुसतं बसायचं. आम्हाला घाम फुटायचा. लग्नात बँड गप्प झाला म्हणजे एकतर भांडण, नाहीतर घोडी उधळली.

उस्मानभाईंनी हात वर केला. "मॅडम, एवढं गप्प बसलं तर नवऱ्याचा बाप येतो ना विचारायला."

ताई म्हणाल्या, "इथे बाप नाहीये, उस्मानभाई."

"तरी पण. सवय आहे."

प्रत्येक तालमीत त्या जागेला आमच्यातलं कुणीतरी हळूच दाराकडे बघायचंच.

*

काही दिवस आम्हाला विक्रोळीला बंद कारखान्याची एक शेड मिळाली होती. जिग्नेशभाईंनी तिथे कंप्युटरवर असा काही घरघराट लावला की पत्रे थरथरायला लागले. एवढ्यात मागच्या चाळीतले दोन म्हातारे धावत आले. एकाच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"सुरू झाली काय रे कंपनी?"

जिग्नेशभाई म्हणाले, "नाही काका. हे संगीत आहे."

म्हाताऱ्याने जरा वेळ कान देऊन ऐकलं. मग दुसऱ्याला म्हणाला, "संगीत कसलं? बेअरिंग गेलंय त्याचं." आणि दोघे घरी गेले.

जिग्नेशभाईंनी त्या दिवसापासून त्या आवाजाचं नावच बेअरिंग ठेवलं. ताईसुद्धा म्हणायच्या, "बेअरिंग थोडं कमी करा."

*

कार्यक्रम मुलुंडच्या हॉलमध्ये झाला. ताईंचे परदेशातले सर आले होते, पेपरवाले आले होते. अर्धं छान पार पडलं. बबन ताईंच्या हाताकडे बघत एकेक ठोका देत होता, कंप्युटर बरोबर जागा होत होता. आणि काय झालं कुणास ठाऊक, कुठल्यातरी माईकने स्पीकरचाच आवाज धरला आणि अशी शिट्टी सुटली की दात शिवशिवले. थांबेना. जिग्नेशभाई टेबलाखाली शिरून वायरी उपटायला लागले. चेलोवाल्याने चेलो आडवा टाकला. उस्मानभाईंनी ट्रम्पेट मांडीवर ठेवून दोन्ही कान घट्ट धरले. मीही धरले. समोरच्या रांगांनी पण धरले.

ताईंची मान जिग्नेशभाईंकडे वळली होती, पण हात आपला सवयीने चालला होता. आणि त्या हाताबरोबर बबनचा ढोल. धम्म. धम्म. काही झालंच नाही असा.

ताईंनी वळून बघितलं. एक माणूस वाजवतोय. त्यांनी हात थांबवला नाही. मग मी क्लॅरिनेट उचललं, उस्मानभाईंनी ट्रम्पेट, आणि एकेक करत सगळे त्या ठोक्यावर परत आले. तेवढ्यात शिट्टीही बंद झाली.

टाळ्या थांबेनात. परदेशातले सर ताईंना काहीतरी म्हणाले. ते जिग्नेशभाईंनी आम्हाला मराठीत सांगितलं: एवढ्या किंकाळीतून एकटा ढोल चालू ठेवायचा, ही कल्पना सुचायला फार हिंमत लागते. ताई "थँक यू" म्हणाल्या.

मग आम्ही आत आलो. ताई आल्या. सगळे हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. बबन रुमालाने मान पुसत होता. त्याने आमच्याकडे बघितलं आणि ताईंच्या समोरच म्हणाला, "काय रे, मध्येच सगळे कान धरून बसलात ते? कुणाची माफी मागत होतात?"

हसणं बंद झालं. मी खाली बघायला लागलो.

ताईंनी बबनकडे बघितलं. मग आम्हा एकेकाकडे. कुणीही नजर दिली नाही. मग त्या बबनच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "चुकले होते ते, काका."

बबनने मान डोलवली.

"हरकत नाही," तो म्हणाला. "पण त्यांना सांगा, चालू बाज्यात नको. संपल्यावर धरा."