चौथ्या बोटाची जागा

हर्षलाला बेंजो पार्टीवाला गजा मास्तर डोळ्यांसमोर नको असायचा. नुसता रस्त्याच्या पलीकडून गेला तरी तिचं डोकं तापायचं. आणि का तापू नये? बापानं बांधलेली बेंजोची चाल दिवसाढवळ्या ढापून वर मिशीला पीळ देत फिरणाऱ्या माणसाला काय ओवाळायचं होतं?

कुंभिवलीत हायवेला लागून लग्नपत्रिका छापायचं एक दुकान आहे, तिथं हर्षला कामाला. पत्रिका संपल्या की त्याच कॉम्प्युटरवर तिचं स्वतःचं काम सुरू व्हायचं. कर्जतला कॅसिओच्या क्लासात ती नोटेशन शिकली होती. पाच रेघांवर सूर मांडायचे, खाली सारेगम टाकायचं, कुठली पट्टी कोणत्या बोटानं दाबायची त्याचा आकडा वर द्यायचा, आणि मग तो अख्खा कागद पडद्यावर हळूहळू सरकवत व्हिडिओ करायचा. मधे एक लाल उभी रेघ. जो सूर त्या रेघेखाली येईल तो वाजतो. खालापूरपासून कर्जतपर्यंतची बेंजोवाली पोरं मोबाईल समोर ठेवून तिच्या व्हिडिओवर गाणी बसवायची. गजा मास्तरला ते खुपायचं. पूर्वी एकेका गाण्यासाठी ही पोरं त्याच्या ओट्यावर ताटकळत बसायची ना!

"बेंजो कानानं शिकतात, सिनेमा बघून नाय," असं तो चहाच्या टपरीवर मोठ्यानं म्हणायचा, हर्षलाला ऐकू जाईल अशा बेतानं.

तिचा बाप पोशा भोईर याच गजाच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. बेंजोला डाव्या हातानं पट्ट्या दाबायच्या आणि उजव्यानं तारा छेडायच्या. पोशाच्या डाव्या हाताची अनामिका, अंगठ्यापासून चौथं बोट, खोपोलीच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली होती. तरी गडी वाजवायचा, आणि झकास वाजवायचा! हळद गावदेवीला नेताना वाजवायची एक चाल त्यानंच बांधली. सूर वरून भरभर खाली उतरायचे आणि जिथं त्या चौथ्या बोटाचं काम पडेल तिथं पोशा हात उचलून सरळ खालच्या सुरावर उडी मारायचा. मधे श्वासभर बेंजो गप्प. नाचणाऱ्या बायांनी त्या गप्प जागेत टाळी घालायला सुरुवात केली आणि सगळ्या भागात तीच रीत पडली.

पोशा वारला आणि गजानं चालीवर हात मारला. पार्टीच्या टेंपोवरल्या बॅनरवर चक्क लिहून घेतलं, 'गजा मास्तरची पेशल हळद'. हर्षला जाब विचारायला गेली, तर चारचौघांत म्हणाला, "तुझ्या बापाला बेंजो धरायला मी शिकवला. चाल माझी. तो निस्ता हमाल होता, हमाल!"

ते 'हमाल' तिच्या काळजात रुतून बसलं. मेल्या माणसाला काय बोलतो हा नालायक?

त्याच आठवड्यात तिनं एका जुन्या हळदीची सीडी मिळवली आणि तीत बाप वाजवत होता ती चाल सूर न सूर उतरवून काढली. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात संगीतकाराचं नाव टाकायची जागा असते. तिथं तिनं लिहिलं, 'पोशा भोईर'. बोटांचे आकडे देताना एक, दोन, तीन, पाच एवढेच आले. चार कुठंच नाही. खाली तिनं एक ओळ टाकली: 'या चालीत चौथं बोट नाही. चाल बांधणाऱ्याला ते नव्हतं.'

व्हिडिओ फिरला. गजाच्याच पार्टीतलं एक पोरगं त्याला विचारून बसलं, "मास्तर, तुमची तर पाची बोटं शाबूत हायत. मग तुमी तिथं उडी का मारता?"

गजा तडक दुकानात आला. चेहरा लालबुंद.

"काढ तो व्हिडिओ."

"नाय काढत."

"माझ्या धंद्याशी खेळू नको, पोरी. जड जाईल."

"धंदा तुमचा, चाल माझ्या बापाची. तोंड वर करून दम देता, लाज नाय वाटत?"

गजा काउंटरवर हात आपटून म्हणाला, "विपुलच्या लग्नाला माझीच पार्टी हाय. त्याच्या हळदीत दाखवतो तुला. ती जागा भरून वाजवतो. लंगडी चाल तुझ्या बापाची, पुरी चाल माझी. सगळ्या गावाला कळू दे."

"वाजवा. मी येतेच."

तिनं उसनं अवसान आणलं होतं. तो गेल्यावर तिनं बापाच्या चालीचा व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. गजानं खरंच भरून वाजवली आणि लोकांना तीच आवडली तर? मग बाप कायमचा हमालच राहणार.

नवरदेव विपुलच्या घरासमोरून संध्याकाळी गावदेवीकडं हळद निघाली. ताट विपुलची आजी सोनुबाई हिच्या हातात, मागं बाया. गजानं पोशाची चाल धरली. घरी त्यानं दार लावून सराव केला होता, पण तिथं टाळ्या वाजवायला कोण होतं? सूर उतरत आले, त्या जागेवर आले, आणि गजाचं चौथं बोट टेचात पट्टीवर पडलं. बायांची टाळी त्या सुरावरच आदळली. पाय चुकले. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला दोघी एकमेकींवर धडकल्या आणि सोनुबाई जागच्या जागी थांबली.

"बंद कर रं मेल्या! काय वाजवतोस?"

"चाल वाजवतो, आजी. पुरी वाजवतो."

"तुझी पुरी घाल चुलीत. आमाला पोशाची पायजे."

बेंजो थांबला. गजानं विचारलं, "पोशाची?"

"मंग कोणाची? तू तशी वाजवत व्हतास म्हणून नाचत व्हतो आमी."

हर्षलाला भडभडून आलं. बाप गेल्यापासून त्याचं नाव असं भर रस्त्यात कुणी घेतलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, समोर गजाचं पडलेलं तोंड पाहिलं, आणि तिला तीळभरही दया आली नाही. ती सरळ बेंजोपाशी जाऊन उभी राहिली.

"वाजवा, काका. चौथं बोट वर धरा."

गजानं इकडंतिकडं पाहिलं. हळद खोळंबली होती, सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं अनामिका पट्टीवरून उचलली, ताठ वर धरली आणि चाल पुन्हा सुरू केली. सूर उतरले, बेंजो गप्प झाला आणि सगळ्या बायांची टाळी एकदम पडली. हर्षला मात्र गावदेवीपर्यंत त्याच्या शेजारून चालत गेली आणि ते बोट खाली येत नाही ना, एवढंच बघत राहिली.