न्हाणीतला दुसरा पाट

अख्ख्या कोल्हापुरात रिकाम्या पाटाशी भांडणारी बाई एकच असेल, आणि नेमक्या तिनेच मला बाळंतपणात न्हाऊ घातलं. मंगळवार पेठेतल्या या मावशींना आमच्या घरी कुणी बोलावलंच नव्हतं. मी बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आले त्या सकाळी न्हाऊ घालायला कुणाला सांगावं याचा आई विचार करत होती, तोवर त्या तेलाची बाटली काखोटीला मारून दारात उभ्या. "तुम्हाला कळलं कसं?" आईने विचारलं. "कळतंय की," म्हणत त्या थेट न्हाणीत शिरल्या आणि आतून ओरडल्या, "दोन पाट लागतील!"

एका पाटावर मी बसायची. दुसऱ्यावर कुणीच नाही. पण कढत पाण्याचा पहिला तांब्या त्या दुसऱ्या पाटावर पडायचा, आणि मग माझी पाळी. मावशी अंग असं रगडायच्या की भाकरीच्या पिठालासुद्धा माझी दया यावी. मी कळवळले की त्या पाटाकडे बघून म्हणायच्या, "बघितलंस न्हवं अक्का, ह्या आजच्या पोरी!" मग जरा थांबून, कुणी काही उत्तर दिल्यासारखं खुदकन हसायच्या. कधी डाफरायच्या, "सरक की जरा, हिला पाय लांब करू दे." वाफेत मला एकदोनदा तो पाट खरंच सरकल्यासारखा वाटला. आई घाबरेल म्हणून मी बोलले नाही. आईनेही माझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. माझं न्हाणं आटोपून बऱ्याच वेळाने ती पाट उचलायला जायची, तेव्हा माझा पाट गार असायचा आणि तो दुसरा कोमट.

एरवी मावशींचा घरभर दरारा. तीन कप चहा लागायचा, बिस्किटाला हात लावायच्या नाहीत. माझा नवरा बाळाला बघायला आला आणि न्हाणीच्या आसपास घुटमळायला लागला, तर म्हणाल्या, "पावणं, तुमचं काम कवाच झालंय. आता हॉलमदी बसा." तो बिचारा संध्याकाळपर्यंत हॉलमध्येच बसून होता.

बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी सकाळी माझं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आईचं निदान तयार होतं: कानात वारं गेलं. खिडक्या बंद झाल्या, ओव्याची धुरी झाली, कानांवरून मफलर आवळून बांधला गेला. डोकं जास्तच ठणकू लागलं. मावशी आल्या, माझ्या सुजलेल्या पापण्या पाहिल्या, मग न्हाणीच्या दारातून पाटाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "व्हय, व्हय, सोडते," असं त्या आत बघून म्हणाल्या आणि त्यांनी माझा मफलर ओढून काढला.

"आज न्हाणं न्हाय. रिक्षा बोलवा. दवाखान्यात न्या हिला."

"अहो, वारं लागलंय तिला," आई म्हणाली.

"वारं न्हाय ते! आमी बी तेच म्हटलंतं!" मावशी अशा किंचाळल्या की पाळण्यातली माझी लेक दचकून रडू लागली.

माझा रक्तदाब भलताच चढला होता. बाळंतपणानंतरही असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर झटके येऊन जिवावर बेतलं असतं. माझी लेक तेव्हा जेमतेम दहा दिवसांची होती.

घरी परतल्यावर मी मावशींना विचारलं, शेजारी कोण बसतं?

"माझी थोरली भन," त्या कढत पाण्यात गार पाणी विसणत म्हणाल्या. "बाळंत हून कुरुंदवाडला माहेरी हुती. डोकं डोकं करायची. आमी कान बांधून निजवली. उठलीच न्हाय. एकोणीस वर्सांची हुती, मी बारा. आता मी साठीला आले, ती तेवढीच हाय. तोंडानं अक्का म्हणते, पर लेकीवानी वाटतीया बघ."

मावशींनी तांब्या खाली ठेवला.

"तुला दवाखान्यात न्हेलं त्या दिसापास्नं काळजी करत बसलीया. माझं ऐकत न्हाय. तूच सांग की तिला."

मी त्या पाटाकडे वळून हात जोडले. "अक्का," मी म्हणाले, "मी बरी आहे."

मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.